तांबडी आणि पांढरी

वेगाची एवढी ऐट मिरवत इतक्या हळू जाणारा माणूस उभ्या सातारा जिल्ह्यात माझ्या मामेसासऱ्यांखेरीज दुसरा नसेल. मामा, म्हणजे माझ्या बायकोचे मामा, गाडीत बसण्याआधी सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारतात, फौजेतला काळा चष्मा डोळ्यांवर चढवतात, कानटोपी हनुवटीखाली करकचून बांधतात आणि ग्रामदैवताच्या नावाने हाळी देऊन असा काही पाय दाबतात, की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस आता चहा निवायच्या आत कऱ्हाडला पोचणार. गाडी प्रचंड आवाज करते. अंगणातल्या कोंबड्या सैरावैरा पळतात, निळा धूर होतो, शेजारची म्हातारी दार लावून घेते. धूर विरल्यावर मामा जेमतेम फाटकापर्यंत गेलेले दिसतात, आणि कोंबड्या त्यांच्या आधीच फाटकाबाहेर पोचलेल्या असतात.

ही गाडी म्हणजे लाल रंगाची, दोन सिटांची, बिनटपाची, परदेशी बनावटीची जुनी स्पोर्ट्स कार. मामा तिला तांबडी म्हणतात. साताऱ्याजवळच्या त्यांच्या गावात चहूकडे ऊस, मधून जाणारा एक रस्ता, आणि त्या रस्त्यावर ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि ही तांबडी, असं दृश्य पहिल्यांदा बघणारा माणूस गोंधळतोच. मामा फौजेत गाड्या दुरुस्त करणाऱ्या विभागात होते. तिथल्या एका साहेबाची ही गाडी. वर्षानुवर्षं बंद पडून तिच्यात मांजर व्यालं होतं. साहेब वैतागून म्हणाले, चालू करून दाखव, तुझी. मामांनी मांजरीला सन्मानाने दुसरीकडे हलवलं आणि गाडी चालू केली. साहेब शब्दाला जागले. फौजेतून निवृत्त होऊन मामा गावी आले ते ह्या गाडीतून, आणि लोकांनी त्यांना न बघता गाडीलाच हार घातला. त्याला आता तीसेक वर्षं झाली.

पुढे मामांचा मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीला लागला आणि वडिलांचं वय बघून त्याने दारात एक नवी कोरी पांढरी गाडी आणून उभी केली. चार दारं, मागे डिकी, आत गारवा, शिवाय रस्ता सांगणारी एक बाई. कुणाही शहाण्या माणसाने आनंदाने वापरावी अशी ही कुटुंबवत्सल गाडी. पण मामांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, बैलबाजारात मारतात तशी, टायरवर हलकेच लाथ घातली, आणि म्हणाले, “गरीब हाय.” ती बाई मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून खटकली. “ह्या रोडचं डांबर पडलं तवा मी हितं हुबा हुतो,” ते मला म्हणाले, “आनि ही कालची आलेली मला सांगती, डावीकडं जा!” मग बाईने डावीकडे सांगितलं की मामा मुद्दाम उजवीकडे जायचे. एकदा असे ते आपल्याच घराभोवती बराच वेळ फिरत राहिले आणि शेवटी बाईच गप्प झाली. मामांनी तो आपला विजय मानला आणि पांढरी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली लावून टाकली.

तेव्हापासून दोन गाड्यांची तुलना हा मामांचा मुख्य व्यवसाय झाला. ऊस बापडा आपोआप वाढत असे. मी सांगलीत औषधांचं दुकान चालवतो, गाड्यांतलं मला काडीचं कळत नाही, आणि नेमक्या ह्याच गुणामुळे मामांनी मला पंच नेमलं. त्यांच्या तुलनेची मापंही त्यांचीच. एका लिटरमध्ये किती जाते, किती जोरात पळते, ह्या गोष्टी त्यांच्या लेखी क्षुल्लक होत्या. उदाहरणार्थ ऊस. उसाने भरलेल्या ट्रॉलीमागून चालताना तांबडीतून नुसता हात वर केला की कांडं हाताला लागतं. “तुमच्या पांढरीत काच खाली जाईस्तवर ट्रॉली कारखान्यात पोचली की वो!” मामा म्हणाले, आणि पंच म्हणून मला हे मान्य करावं लागलं. शिवाय ऊस खाऊन चोयट्या टाकायला बाजू उघडीच.

गतिरोधक हा तांबडीचा एकमेव शत्रू. तिचं पोट रस्त्याला इतकं लागून, की शेजारी माणूस बसलेला असताना ती गतिरोधक ओलांडूच शकत नाही. त्यामुळे गतिरोधक आला की मामा थांबतात, शेजारच्या माणसाला उतरवतात, तो चालत पलीकडे जातो, मागून गाडी येते, आणि तो पुन्हा बसतो. बसतो हा शब्दही खरा नव्हे. विहिरीत उतरतात तसं त्या गाडीत उतरावं लागतं. मामांबरोबर मी एकदा साताऱ्याहून सांगलीला आलो. वाटेत इतकी गावं आणि प्रत्येक गावाला आपापल्या गतिरोधकांचा इतका अभिमान, की त्या प्रवासातला बराचसा भाग मी चालतच आलो असं म्हणायला हरकत नाही. घरी पोचल्यावर बायकोने विचारलं, गाडीतून आलात ना, मग पायाला एवढी धूळ कशी?

मग एके दिवशी मामांनी जाहीर सामना ठरवला. तांबडी घेऊन ते, पांढरी घेऊन मी, सातारा ते सांगली. मला वाटलं, शर्यत आहे. पेठ नाक्याशी तांबडी बंद पडली, म्हणजे ती तिथे पडतेच, आणि मी मनातल्या मनात जिंकलो. पण मामा बॉनेट उघडून निवांत उभे. बघता बघता माणसं जमली. कुणी पाणी आणलं, कुणी तार आणली, चहाच्या टपरीवाल्याने धंदा सोडून स्वतःची चिमटा-पक्कड आणली, एका रिटायर्ड सुभेदाराने फौजेतली ओळख काढली, आणि दोघा अनोळखी पैलवानांनी गाडी ढकलण्यावरून आपापसात भांडण केलं, कारण दोघांनाही मागचीच बाजू हवी होती. तासाभराने गाडी चालू झाली तेव्हा टाळ्या पडल्या. मग मामा मला म्हणाले, “आता तुमची हुबी करा.” मी पांढरी रस्त्याच्या कडेला लावली, बॉनेट वर केलं आणि चेहरा पाडून उभा राहिलो. गाड्यांमागून गाड्या गेल्या. कुणी मानसुद्धा वळवली नाही. फक्त एक बस जोरात हॉर्न वाजवून गेली. “बघा, जावईबापू,” मामा समाधानाने म्हणाले, “गाडी बंद पडल्यावर किती मानसं येत्यात, ते गाडीचं माप.” मी बॉनेट खाली केलं आणि तांबडीच्या मागे लागलो.

सणावारीही त्यांनी दोघींची पंगत वेगळी ठेवली होती. पांढरीला दसऱ्याला एक बादली पाणी आणि झेंडूची माळ, सरकारी पाहुण्याचा सत्कार करावा तशी. तांबडीची पूजा मात्र बेंदराला, बैलांबरोबर. “गाडी म्हंजी बाईमानूस, पर हिचा गुन खोंडाचा,” असं त्यांचं स्पष्टीकरण. त्या दिवशी तिला नदीवर नेऊन धुतात, आरशांना गोंडे बांधतात, पुढच्या दिव्यांभोवती शिंगांना लावतात तो रंग लावतात, पाठीवर झूल घालतात, आणि बैलांच्या मिरवणुकीत तिचा नंबर शेवटून दुसरा असतो. शेवटचा नंबर पाटलांच्या म्हाताऱ्या बैलाचा, कारण तो एकटाच तिच्यापेक्षा हळू चालतो. घरी आल्यावर मामी पुरणपोळीचं ताट घेऊन बाहेर येतात, बैलांना भरवतात, आणि गाडीपुढे ताट ओवाळून तिच्या वाटणीची पोळी मामांच्या हातावर ठेवतात. “तिला पचत न्हाई,” त्या गंभीरपणे म्हणतात.

मामींबद्दल मी आतापर्यंत काही बोललो नाही, कारण त्याही फारशा बोलत नाहीत. घरात सासू, दिरांचा गोतावळा, कामकरी माणसं, अशा गराड्यात त्यांचा जन्म गेला. मामा फौजेत होते तोवर वर्षातून एकदा येणार. त्या बाईने शब्द तोलून वापरले. पण एक खरं, की तांबडीतली डावी सीट मामींची. माझ्यासारखे जावई-मेव्हणे तिच्यावर अधूनमधून बसले असतील, पण ते पाहुणे म्हणून. बाजार, लग्नकार्य, माहेर, देवदर्शन, मामी पदर डोक्याला घट्ट गुंडाळून तांबडीत उतरायच्या, पाऊस आला तर दोघांवर छत्री धरायच्या, गतिरोधकाला न सांगता उतरून चालायला लागायच्या. मामांना दुसऱ्या कुणाला शेजारी बसवून तेवढं सुख कधी झालं नाही, हे ते बोलून दाखवत नसत, पण मी बसलो की दर थोड्या वेळाने डावीकडे बघून दचकायचे.

आणि मग मामींचे गुडघे गेले. आधी जिना, मग मांडी घालणं, मग उठबस. दोन्ही वाट्या झिजलेल्या. मिरजेत ऑपरेशन ठरलं. मीच सगळी धावपळ केली. डॉक्टरांनी मामा-मामींना समोर बसवून नीट समजावलं, की नवे गुडघे छान चालतील, पण जमिनीवर बसणं बंद, आणि खुर्चीपेक्षा खाली असलेल्या कशावरही बसणं बंद. मामींनी मान डोलावली. मामांनी एकच विचारलं, “डाक्टर, खुर्ची म्हंजी कितीक उंच?” डॉक्टरांनी हाताने दाखवलं. मामांनी आपला हात त्याच्या बराच खाली, तांबडीच्या सिटेच्या उंचीला नेला, आणि तिथेच धरून ठेवला. मग खाली सोडला.

मुलाला ही संधी बरी वाटली. पुण्यातला जुन्या गाड्या जमवणारा एक शौकीन त्याने आधीच हेरून ठेवला होता. आता आई बसू शकत नाही, तुम्ही ह्या वयात एकटे ती चालवणार, काही झालं तर? त्याचं चूक नव्हतं. मामा भांडतील, बंदूक काढतील, अशी आमची सगळ्यांची तयारी होती. पण मामा म्हणाले, “एकट्यानं काय तिच्यात बसायचं. न्यायची तर न्या.” तो बसका आवाज ऐकून मला खरोखर वाईट वाटलं. आयुष्यभर ज्यांच्या तुलनेला मी हसत आलो त्यांनी तुलना सोडून दिली होती, आणि मला ती परत हवी होती. मुलाने गिऱ्हाइकाला आवडावी म्हणून तांबडीला नवा सायलेन्सर बसवून घेतला, रंगाचे टवके भरले. शौकीन माणूस मामी घरी आल्यावर दोन दिवसांनी येणार, असं ठरलं.

ऑपरेशन उत्तम झालं. मामींना घरी न्यायला मामा स्वतः पांढरी घेऊन मिरजेला आले. काळा चष्मा नाही, कानटोपी नाही. एखाद्या बँकेच्या मॅनेजरसारखे दिसत होते. मामी पुढे त्यांच्याशेजारी बसल्या, मागे मी आणि बायको. काचा वर, गारवा चालू, आणि मामांनी रस्ता सांगणाऱ्या बाईला पहिल्यांदाच काही उलट केलं नाही. गाडी पाण्यावरून घसरावी तशी चालली होती. कासेगाव मागे पडलं आणि मोकळ्या हायवेवर गाडीने वेग घेतला, तशी मामींनी पदर डोक्याभोवती गुंडाळला, खिडकीबाहेर नजर लावली, आणि अगदी सहज, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, “धाकल्या वन्संनी माजी हिरवी पैठणी नेली ती नेलीच.”

“कवा?” मामांनी विचारलं.

मामी इतक्या दचकल्या, की बायकोने घाबरून त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. “तुमाला ऐकू आलं?”

“आलं की. शेजारीच हाय मी.”

मामींनी पदर तोंडाला लावला. उसाची शेतं मागे जात राहिली. शेवटी त्या चिडून म्हणाल्या, “ह्या गाडीत मेली बोलायची सोय न्हाई.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तीस वर्षं मामी तांबडीत बोलत होत्या. गाडी सुरू झाली, वारा आणि इंजिनाचा आवाज कानात भरला, की त्यांचं तोंड उघडायचं. सासूने काय म्हटलं, जावेने काय केलं, मामांचं काय चुकलं, सगळं. घरात एक शब्द न बोलणारी ही बाई साताऱ्यापासून सांगलीपर्यंत अखंड बोलायची, आणि शेजारी मामा काळा चष्मा लावून समोर बघत असायचे. गतिरोधकाला उतरून एकटीने चालतानाही त्यांचं अर्धं वाक्य पूर्ण व्हायचं.

“मला वाटायचं, तू गानी म्हनतीस,” मामा म्हणाले. “म्हनून मी मान डोलवायचो.”

“ते बगूनच मला बरं वाटायचं.”

“आनि काय काय बोललीस एवढं?”

“आवं, तुमाला सांगायचं असतं तर घरात न्हसतं का सांगितलं?” मामी म्हणाल्या. मग खिडकीकडेच बघत त्यांनी सांगितलं, “माजी आई गेली तवा घरात पाव्हनं हुतं, जत्रा हुती, रडायला कोपरा न्हवता. तुमी मला तांबडीतनं म्हायेरी नेलं. तवा सगळ्या वाटंनं रडले मी. मोठ्यांदी. तुमी म्हनलासा, वाऱ्यानं डोळं झोंबत्यात का, चष्मा देऊ का. आनि दिला बी.”

 कऱ्हाडच्या अलीकडे एका हॉटेलाशी मामांनी गाडी थांबवली, सगळ्यांसाठी चहा सांगितला, आणि कोपऱ्यात जाऊन मुलाला फोन लावला. आम्हाला एवढंच ऐकू आलं, “त्या मानसाला येऊ नगो म्हनावं. सीट रिकामी न्हाई.”

पुढचे पंधरा दिवस मामांनी जे काही केलं ते एखाद्या धरणाच्या कामाइतक्या तडफेने केलं. अंगणात दगड-मातीचा एक उंच चौथरा उठला, त्याच्यावर चढायला उतार. तांबडी उतारावरून वर जाते, चौथऱ्याच्या कडेशी उभी राहते, आणि मग तिची डावी सीट खाली जमिनीवर उभ्या असलेल्या मामींना बरोबर खुर्चीच्या उंचीची होते. मामा टेप घेऊन मिरजेला डॉक्टरांकडे गेले आणि त्यांच्या स्वतःच्या खुर्चीचं माप घेऊन आले. टाके काढायला गेल्यावर डॉक्टरांनी मामींना तेवढ्या उंचीवर बसवून, उतरवून पाहिलं आणि हरकत नाही म्हणाले. सगळं जमलं, पण जिथे जायचं तिथे उतरायचीही अशीच सोय हवी. म्हणून मामांनी नातेवाइकांची फेरतपासणी सुरू केली. ज्यांच्या दाराशी उंचवटा, बांध किंवा निदान वाळूचा ढीग आहे त्यांच्याशी संबंध दृढ झाले. सपाट अंगणवाल्या नात्यांत दुरावा आला. एक साखरपुडा निव्वळ मांडवाच्या जागेवरून मोडता मोडता वाचला. गतिरोधकाला मामींना उतरवता येत नाही म्हणून मामांनी गावोगावचे आडरस्ते शोधले, त्यामुळे सांगलीला येताना ते हल्ली कुठल्याही दिशेने येऊ शकतात. माझ्या दुकानासमोरही एके दिवशी ट्रॅक्टर येऊन माती टाकून गेला. आता तिथे चौथरा आहे. गिऱ्हाइकं त्याला वळसा घालून येतात, संध्याकाळी गल्लीतले म्हातारे त्यावर बसतात, आणि मला त्यांना उठवायचा अधिकार नाही.

मध्यंतरी मी गावी गेलो तेव्हा तांबडीचा आवाज पूर्वीपेक्षाही भयंकर येत होता. मुलाने बसवलेला नवा सायलेन्सर काढून मामांनी जुना, भोकं पडलेला परत लावला होता. तो लावून वर आणखी एक भोक पाडलेलं मला स्पष्ट दिसलं. मी म्हटलं, मामा, हे काय, गाडी छान शांत झाली होती. मामा हातातला पाना पुसत राहिले. “नव्या नळीनं हिचं बोलनं मला ऐकू याया लागलं हुतं,” ते म्हणाले. “बरं दिसत न्हाई ते.”

परवा आम्ही सगळे साताऱ्याहून सांगलीला निघालो. मामा-मामी तांबडीत पुढे, त्यांच्यामागे पांढरी घेऊन मी आणि बायको. उसाच्या आडरस्त्याने तो लाल ठिपका प्रचंड आवाज करत, अगदी सावकाश चालला होता. मामींचा पदर वाऱ्यावर उडत होता आणि एक हात हवेत होता. कधी तो बोटं मोडल्यासारखा हलायचा, कधी नुसता वर राहायचा, कधी डोळ्यांकडे जायचा. शेजारी मामांची मान एकसारखी डोलत होती. मी काच खाली करून बघितली, पण आवाजाखेरीज काहीच आत आलं नाही, म्हणून परत वर केली. आमच्या गाडीत गारवा होता, शांतता होती. बायको पुढे एकटक बघत बसली होती, मामींच्या त्या हाताकडे. तिच्या मनात काहीतरी असावं असं मला वाटलं. मी विचारलं, काय गं?

“काही नाही,” ती म्हणाली, आणि मला ते अगदी स्वच्छ ऐकू आलं.